फ्रिजवरचा तक्ता आणि आबांचा शनिवार

पत्र:
मी निवृत्त आहे, वय ६८. मुलगा-सून दोघंही नोकरी करतात. नातू सात वर्षांचा, नात नुकती तीन पूर्ण झाली. शाळा सुटल्यापासून आई-बाबा घरी येईपर्यंत दोघं माझ्या ताब्यात असतात. दोन महिन्यांपूर्वी सूनबाईंनी फ्रिजवर एक तक्ता लावला. त्यात तीन रकाने: हालचाल, स्क्रीन, झोप. जमलं तर हिरवी टिकली, नाही जमलं तर लाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत, म्हणाल्या. मुलगा हसतो. ‘आम्ही टीव्हीसमोर बसूनच मोठे झालो, काय बिघडलं?’ म्हणतो. मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी ते दोघं बाहेर होते, माझी कंबर धरली होती, आणि नातवाने टॅबवर सव्वादोन तास कार्टून पाहिलं. संध्याकाळी त्यानेच स्टूल ओढून हिरवी टिकली लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. सोमवारी टॅबनेच आठवड्याचा हिशेब सूनबाईंच्या मोबाईलवर पाठवला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री तक्ता काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. तेव्हापासून घरात सगळे जपून बोलतात. या नियमांना खरंच किती किंमत द्यायची? आणि मी आता काय करू?

ता. क. झोप लागत नाही म्हणून मी स्वतः रात्री बारा-एकपर्यंत मोबाईल बघतो. ते कुणी मोजत नाही.
एक आबा

उत्तर:

आदरणीय आबा,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या स्टुलापाशीच थांबले. सात वर्षांचं पोर स्टूल ओढतं, हिरवी टिकली लावतं आणि मग आजोबांकडे बघतं. सव्वादोन तासांच्या कार्टूनने त्याचं फार काही बिघडलेलं नाही. त्या बघण्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. पण आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण तो नीट सुटला नाही तर दुसऱ्याचं उत्तर नुसतं ‘माफी मागा’ एवढंच होईल.

तुमच्या एका फ्रिजपुढे सगळं जग उभं आहे. मुलांनी किती हलावं, किती बघावं, किती झोपावं याच्या सूचना आल्या की लोक नेमके असेच वागतात. एक हसतो. एक ती परीक्षा समजून अभ्यासाला बसते. एक मान डोलावतो आणि आपल्याला हवं तेच करतो (रागावू नका, हे तुम्ही). आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो टिकली कशी मिळवायची एवढंच शिकतो. चौघांपैकी मूळ कागद कुणी वाचलेला नसतो. सूनबाईंनी वाचला असेलही, पण तक्ता करताना कागदातल्या सवलती गळून गेल्या आणि आकडे तेवढे उरले, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

तर कागदात काय आहे ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तुमच्या नातीच्या वयाला त्या लागू होतात. दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या आत, त्याहून कमी असेल तर बरंच. झोप १० ते १३ तास, आणि यात दुपारची झोपही धरली आहे. म्हणजे ती दुपारी तुमच्या शेजारी दीड तास झोपत असेल तर तो दीड तास तिच्या खात्यात जमा करा. तुमच्या तक्त्यात तो जमा होतो का? नसेल तर बिचारीला रोज विनाकारण लाल टिकली मिळत असणार.

आता ‘बसून’ हा शब्द पाहा. मोजायचं आहे ते बसून बघणं. नात गाण्याचा व्हिडिओ लावून त्याच्यापुढे घाम येईपर्यंत नाचत असेल, तर त्या सूचनांच्या व्याख्येप्रमाणे ते स्क्रीनच्या रकान्यात जात नाही, हालचालीच्या रकान्यात जातं. दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणंही वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये दोन वर्षांखालच्यांना टीव्हीपासून लांबच ठेवा असं सांगितलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी दीड वर्षांखालच्यांसाठीही व्हिडिओ कॉलची सूट दिली. बाळ समोरच्याला बघून हसतं, समोरचा उलट हसतो, कार्टूनमधलं अस्वल काही बाळाला बघून हसत नाही.

नातवाचं वय वेगळं, म्हणून आकडेही वेगळे. पाच ते सतरा वर्षांसाठी कॅनडाने २०१६ मध्ये हालचाल, स्क्रीन आणि झोप असं तिन्ही एकत्र करून चोवीस तासांची शिफारस काढली. दिवसाला एक तास दमवणारी हालचाल, करमणुकीची स्क्रीन दोन तासांच्या आत, आणि पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास झोप. ‘करमणुकीची’ म्हटलंय, शाळेचा अभ्यास त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याच वयाच्या मुलांसाठी जे लिहिलं, त्यात एक शब्द फार मोलाचा आहे: सरासरी. रोज ६० मिनिटं झालीच पाहिजेत असं नाही, आठवड्याची सरासरी तेवढी यावी. सोमवारी पाऊस, मंगळवारी ताप, बुधवारी दीड तास पकडापकडी. हिशेब जुळतो. आणि याच वयासाठी त्या कागदात स्क्रीनचा आकडाच नाही. बसून बघणं कमी ठेवा, एवढंच.

म्हणजे शनिवारचे सव्वादोन तास कॅनडाच्या शिफारशीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याबाहेर गेले असं म्हणायला तिथे आकडाच नाही. साप समजून भुई धोपटली गेली म्हणा ना.

आता तुमचे चिरंजीव. हे वाचून ते म्हणतील, बघा, यांचं यांनाच पक्कं माहीत नाही. त्यांच्या हातात मीच एक काठी देते, कारण ती कधीतरी त्यांना सापडणारच. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने स्क्रीनच्या तासांची मर्यादा द्यायला साफ नकार दिला. अमुक तासांच्या पुढे नुकसान होतं असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी घरच्यांना प्रश्न दिले: स्क्रीन तुमच्या ताब्यात आहे का? घरात एकत्र जे करायचं असतं त्याच्या आड ती येते का? झोपेच्या आड येते का? बघताना खाण्यावर लक्ष राहतं का? आणि तीनच महिन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेने लहानग्यांसाठी एका तासाचा आकडा दिला. शिवाय त्या शिफारशींपुढे त्यांनी स्वतःच लिहिलंय की शिफारस ठाम आहे आणि पुराव्याचा दर्जा अगदी कमी.

‘मग हे थोतांडच की’, चिरंजीव म्हणतील.

तसं नाही. त्या मंडळींच्या भाषेत पुरावा कमी दर्जाचा असणं म्हणजे पुढच्या संशोधनाने आकडा बदलू शकतो, एवढंच. उलटं खरं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. असला पुरावा भक्कम करायचा कसा, तुम्हीच विचार करा. हजार पोरांना दोन वर्षं रोज चार तास टीव्हीसमोर बसवा, हजारांना बसवू नका, आणि मग बघू? कोण आईबाप तयार होतील? त्यामुळे बरचसं ज्ञान नुसत्या निरीक्षणातून येतं, आणि निरीक्षणात कारण कुठलं नि परिणाम कुठला हे वेगळं काढणं अवघड असतं. तरी शिफारस ठाम का? कारण सल्ला मानला आणि तो चुकीचा निघाला, तर पोर जरा जास्त खेळलं, जरा जास्त झोपलं, एवढंच नुकसान.

राहिला ‘आम्ही नाही का मोठे झालो’ हा मुद्दा. हा मुद्दा मला आवडतो, कारण तो अर्धा बरोबर असतो. चिरंजीव टीव्हीपुढे वाढले हे खरं. पण त्यांच्या टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा. संपला की दुसरा मोठ्यांचा लागायचा, कंटाळा यायचा, पोरं उठून बाहेर पळायची. आताचं कार्टून संपतच नाही. एक भाग संपायच्या आत दुसरा सुरू होतो, उठायला निमित्तच उरत नाही. शिवाय टीव्ही बैठकीत असायचा, अंथरुणात येत नव्हता. तेव्हा कुणी मिनिटं मोजत नव्हतं, कारण मोजायची वेळच आली नव्हती. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून १४६ देशांचा हिशेब मांडला तेव्हा ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलं दिवसाच्या त्या एका तासापर्यंत पोचत नव्हती. एवढी सगळी पोरं काही एकदम आळशी जन्माला आलेली नाहीत.

सूनबाईंसाठी एक वेगळा आकडा देते. हा त्यांना जरूर सांगा, माझ्या नावावर खपवला तरी चालेल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आठ ते अकरा वर्षांच्या ४,५२० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हालचाल, स्क्रीन, झोप या तिन्ही शिफारशी पाळणारी मुलं निघाली ५ टक्के. विसात एक! २९ टक्के मुलांना एकही जमली नव्हती. त्यामुळे तक्त्यावर तिन्ही हिरव्या टिकल्या रोज येत नसतील, तर ती आई नापास झालेली नाही, ती उरलेल्या एकोणीस घरांमध्ये आहे. आणखी एक. अशा पाहण्यांमध्ये आईबाप जे सांगतात ते संशोधकही जरा हात राखूनच घेतात. मूल किती हललं हे विचारून भागत नाही म्हणून पोराच्या कमरेला किंवा मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधतात. तेव्हा हिरवी टिकली काही एकट्या तुमच्या नातवानेच लावलेली नाही.

मीही लावली आहे. माझी लेक पाच वर्षांची असताना आमच्या कपाटाच्या दारावर असाच तक्ता होता. गुरुवारनंतर तो भरायचा राहून जायचा. मग रविवारी रात्री पेन घेऊन गुरुवार, शुक्रवार, शनिवार एकदम भरायचे, आणि शाईचा रंग एकच दिसू नये म्हणून दोन पेनं वापरायचे. कुणाला फसवत होते, देव जाणे. आमच्या घरी तपासायला कुणी येणार नव्हतं.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर तिन्ही रकाने सारखे नाहीत. आधी झोप बघा. का ते एका साध्या वजाबाकीत कळेल. नातवाचे २४ तास घ्या. १० तास झोप. उरले १४. शाळा आणि जाणं-येणं सात तास. उरले सात. आंघोळ, जेवणं, आवराआवर, गृहपाठ मिळून तीन तास तरी जातात. उरले चार. एक तास धावणं, दोन तास स्क्रीन काढा, हातात राहतो एक तास, आणि त्यात भावंडांचं भांडण, चित्रं, तुमची गोष्ट आणि नुसतं छताकडे बघत पडणं हे सगळं बसवायचं. म्हणून स्क्रीन अर्धा तास वाढली की ती कुणाच्या तरी ताटातलं उचलते. शाळेच्या ताटातलं उचलता येत नाही. झोपेच्या ताटातलं उचलणं सगळ्यात सोपं, कारण झोप तक्रार करत नाही. तक्रार येते ती दुसऱ्या दिवशी: बुटाची नाडी बांधताना रडारड, अभ्यासाला बसवलं की चिडचिड, आणि मग आपण म्हणतो, हल्ली फार हट्टी झालाय.

त्यातून रात्रीचा उजेड. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढू लागतं आणि शरीराला झोपेची वेळ झाल्याचं कळतं. डोळ्यांजवळ धरलेला उजळ पडदा तो निरोप लांबवतो. कार्टूनमध्ये पाठलाग चालू असेल तर मनही तरतरीत राहतं. मर्यादा द्यायला नकार देणाऱ्या त्या ब्रिटिश डॉक्टरांनीसुद्धा एक गोष्ट सांगितली: झोपायच्या आधीचा एक तास स्क्रीन नको. ज्यांचं बाकी कशावर एकमत नाही, तेही जिथे एकत्र येतात, तिथून सुरुवात करावी. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊला डोळा लागला तरी नऊ तास होतात. म्हणजे साडेआठला टॅब चार्जिंगला, आणि तो बैठकीत, मुलांच्या खोलीत नाही. तुमच्या घरात एकच नियम टिकणार असेल तर मी हा ठेवीन आणि मिनिटांचा हिशेब सोडून देईन.

हालचालीचं फार मनावर घेऊ नका. एक तास सलग लागत नाही. दहा मिनिटं जिना, वीस मिनिटं चेंडू, शाळेतून चालत येणं, सगळं जमा होतं. दम लागलाय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: पोराला बोलता येतं पण गाता येत नाही. तुमची कंबर धरलेली असेल त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसून घड्याळ लावा. ‘त्या दारापर्यंत जाऊन वीस आकडे मोजायच्या आत परत ये’ एवढं सांगितलं की सात वर्षांचं मूल अकरा वेळा जाऊन येतं. नात मागून जाते. तुम्ही मोठ्याने मोजा. फक्त मोजायचंय.

आता शनिवार.

सूनबाई टॅबवर किंवा कार्टूनवर चिडल्या असतील असं मला वाटत नाही. दोन महिने त्या एकट्याने तक्ता चालवत होत्या. नवरा हसत होता, सासरे गप्प होते, आणि एक दिवस कळलं की गप्प असणारेही आपल्या बाजूचे नव्हते. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. तक्ता ड्रॉवरमध्ये ठेवणं म्हणजे ‘माझं मी हरले’ असं म्हणणं आहे, आणि ते त्यांनी कुणालाही न दुखवता म्हटलं. अशा बाईशी खरं बोलायला भीती कसली?

तेव्हा एखाद्या संध्याकाळी मुलं आत असताना सांगून टाका. ‘त्या शनिवारी माझी कंबर धरली होती, मी टॅब दिला. त्याचं मला काही वाटत नाही. पण त्याने हिरवी टिकली लावली तेव्हा मी बोललो नाही, ते चुकलं.’ एवढंच. ‘तुमचे नियमच असे कडक’ हे शेपूट जोडू नका. खरं असलं तरी त्या दिवशी नाही.

नातवाशी वेगळं बोला, थोडक्यात. त्याला दोषी धरू नका. टिकली लावून त्याने तुमच्याकडे बघितलं, म्हणजे हे बरोबर नाही हे त्याला ठाऊक होतं आणि तो तुम्हाला विचारत होता. त्या वेळी उत्तर दिलं नाहीत, आता द्या. ‘त्या दिवशी लालच होती, मीच बोललो नाही’ म्हणा. आजोबांकडूनही चूक होते हे त्याच्यासाठी कार्टूनपेक्षा रंजक असेल.

मग तक्ता ड्रॉवरमधून बाहेर काढायचा का? काढा, पण बदलून. लाल टिकल्यांचं पाकीट फेकून द्या. रोजच्या चौकोनाऐवजी आठवड्याची एक ओळ ठेवा, सरासरीसाठी. स्क्रीनच्या रकान्यात मिनिटांऐवजी एकच प्रश्न लिहा: आज कशाच्या वाटणीचा वेळ गेला? उत्तर ‘कशाच्याच नाही’ असेल तर सोडून द्या. चिरंजीवांना साडेआठला टॅब चार्जिंगला लावायचं काम द्या. हसणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असलं की तो कमी हसतो, असा माझा अनुभव आहे.

आणि ता. क. मध्ये जे हळूच लिहिलंत, ते. मोजणारे आहेत, आबा. कॅनडाने २०२० मध्ये मोठ्यांसाठीही चोवीस तासांच्या शिफारशी काढल्या. ६५ च्या पुढच्यांना ७ ते ८ तास झोप, झोपायची-उठायची वेळ शक्यतो ठरलेली, करमणुकीची स्क्रीन तीन तासांच्या आत. झोप लागत नाही म्हणून मोबाईल की मोबाईलमुळे झोप नाही, हे आठवडाभर तोही बैठकीत चार्जिंगला लावल्याशिवाय कळणार नाही. त्यानंतरही जागच येत राहिली तर डॉक्टरांना सांगा, वयाचं म्हणून सोडू नका.

नव्या तक्त्यात आणखी एक ओळ ‘आबा’ नावाने घाला आणि टिकलीचं काम नातवाकडे द्या. तुमच्या ओळीपुरतं लाल पाकीट परत आणा. सकाळी तो स्टूल ओढेल, वर चढेल आणि तुमच्याकडे बघेल. रात्री बारा वाजून गेले असतील, तर लाल लावायला सांगा.